झूल पांघरलेली फटफटी

सन १९८८. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो, आणि त्या बावन्न वर्षांत मला कोणी "बैलगाडी हळू चालवा" असं म्हटलेलं नव्हतं.

बैलगाडी ती. तिच्यापेक्षा हळू या जगात फक्त माझा मेहुणा चालतो. पण त्या वैशाखात मी शेणखत भरून बोरगाव मेघेच्या आमच्या गल्लीतून निघालो, तर शेजारचा सुखदेव आपल्या फाटकासमोर दोन्ही हात पसरून उभा. कमरेला पंचा, खांद्यावर ओलं फडकं, हातात दात घासायचा ब्रश.

"किसनभाऊ, हळू हाका ना गा. धूळ उडून राह्यली."

"बैलगाडीची?"

"मंग काय इमानाची? अंदर माही गाडी वाळून राह्यली."

मी तिसरी पास आहे, पण तिसरीत पहिला होतो. मला कोणी शिकवलेलं चालत नाही. "रस्ता सरकारी हाये," मी म्हटलं, "तुही फटफटी घरात नेऊन वाळव." आणि राजा-परधानच्या शेपट्या पिळून गाडी अशी काढली की निम्मं शेणखत रस्त्यावरच सांडलं. ते मागाहून मलाच भरावं लागलं. सुखदेव फाटकातून पाहत होता. हसला नाही, हे मात्र खरं.

सुखदेव वर्ध्याच्या एस.टी. डेपोत गाड्या धुवायचा. सहा दिवस लाल गाड्या धुवायचा आणि सातव्या दिवशी सुट्टी म्हणून घरी बसून आणखी एक लाल गाडी धुवायचा. ही गाडी साधी नव्हती. शर्यतीची फटफटी. दोन सिलिंडर, दोन धुराच्या नळ्या, टाकी अशी लाल की पिकलेल्या मिरचीनं मान खाली घालावी, आणि टाकीवर पांढरा पट्टा. एका बदली झालेल्या साहेबाच्या पोराकडून घेतलेली. अख्ख्या बोरगावात तिच्याएवढी जोरात पळणारी गाडी नाही असं सगळे म्हणायचे. नुसते म्हणायचेच, कारण पळताना ती कोणी पाहिलेली नव्हती. सुखदेव ड्युटीवर सायकलनं जायचा.

मी एकदा विचारलं, "काऊन गा, एवढी गाडी दारात अन् सायकल कायले हाणतो?"

"रस्त्यावर नेली तं खराब होते ना."

"मंग घेतली कायले?"

"धुवाले."

मला वाटलं मस्करी करतो. तोंड पाहिलं तर नाही.

त्याच्या आणि माझ्या अंगणात पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचं, कुंपण होतं. रविवारी सकाळी मी कुंपणाजवळ दात घासत उभा राहायचो. पाहायला नव्हे, दात घासायला. आता रविवारी माझे दात घासायला तीन तास लागायचे, त्याला कोण काय करणार?

पहिल्यांदा तो उलट्या हातानं इंजिनाला स्पर्श करायचा, ताप पाहावा तसा. "थंड हाये. आता चालते." चालवलीच नाही तर गरम कुठून होणार, हे मी मनात म्हणायचो. मग दोन्ही धुराच्या नळ्यांच्या तोंडात फडक्याचे बोळे. "पाणी गेलं का सर्दी होते तिले." मग रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचं पाणी. साबणाची पावडर त्यानं घरात कधी येऊ दिली नाही. म्हणायचा, "पावडर चामडं खाते." रंगाला तो चामडं म्हणायचा. आणि पाणी बादलीनं नाही, तांब्यानं. वरून.

"वरून खाली, किसनभाऊ. घाण नेहमी वरून खाली येते."

हे त्याचं आवडतं वाक्य. ते तो कशालाही लावायचा. नळाला गढूळ पाणी आलं, वरून खाली. डेपोत साहेबानं बाबूला झापलं आणि बाबूनं याला झापलं, वरून खाली. माझ्या घरी सासू-सुनेचं वाजलं तेव्हाही तो कुंपणापलीकडून हळूच म्हणाला, "वरून खाली." मी दोन दिवस बोललो नाही.

दोरीवर सहा फडकी ओळीनं वाळत घातलेली असायची. टाकीचं टाकीला, चाकाचं चाकाला, साखळीचं साखळीला. एकदा मी मदत म्हणून साखळीचं फडकं टाकीला लावलं. तो ओरडला नाही. माझ्या हातातून फडकं घेतलं, टाकीवरून हळूच हात फिरवला आणि तिला म्हणाला, "काही नाई, काही नाई." मला नाही, टाकीला. चाकाच्या एकेका तारेवरून तो ब्रश फिरवायचा. एका चाकाला किती तारा ते त्याला पाठ होतं. शेवटचा हात कापसाचा, आणि तोही माझ्या शेतातला. "बजारातल्या कापसानं ओरखडे पडते. तुमचा कापूस म्हंजे लोणी हाये." हे ऐकून मी दर हंगामाला त्याच्यासाठी वेचणीचा पहिला कापूस पिशवीभर काढून ठेवायचो. माझा कापूस आहेच तसा, त्यात त्यानं काही खोटं सांगितलं नाही.

आणि एक गोष्ट त्यानं मला निदान दहा वेळा सांगितली असेल. "टायरच्या कडेले तेल चालते, साखळीले चालते. पण ब्रेकाले तेला-तुपाचं बोट नाई लागलं पाह्यजे. ब्रेक उपाशीच बरा." मी दहाही वेळा मान हलवली. ब्रेक कुठे असतो, हे मात्र एकदाही विचारलं नाही. तिसरी पास माणसानं विचारलं की लोकांना वाटतं, याला येत नाही.

हे सगळं झालं की गाडी सावलीत उभी करून तो तिच्यावर एक जाड, रंगीत कापड पांघरायचा. मला दुरून ते जुनं पलंगपोस वाटायचं.

पावसाळा लागला आणि धुळीचं भांडण चिखलावर आलं. माझ्या गाडीच्या चाकानं त्याच्या फाटकासमोर एक खड्डा पाडला होता. मी गेलो की चाक खड्ड्यात जायचं आणि चिखल त्याच्या अंगणात उडायचा. "किसनभाऊ, दोन घमेले मुरूम टाका ना गा," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "रस्ता सरकारी, तं खड्डाही सरकारी. अर्ज कर." तो स्वतः मुरूम टाकायचा, माझं चाक तो मुरूम उडवून टाकायचं. तो पुन्हा टाकायचा. आषाढ सरला तरी आमचं असंच चाललं होतं. मी हटलो नाही. मी हटतच नाही.

मग पोळा जवळ आला, आणि मारुतीच्या पारावर पाटील, मी आणि चार-पाच कास्तकार बसलो असताना सुखदेव सायकलवरून उतरला. चप्पल काढून उभा राहिला.

"पाटील, अवंदा मलेही पोळ्यात उभं राह्यचं हाये."

पाटील म्हातारे माणूस, ऐकायला कमी. ते म्हणाले, "राह्य ना बापू. जोडी कोणाची आणून राह्यला?"

"जोडी नाई. फटफटी."

पारावर असा हशा उठला की वरचे कावळे उडाले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो, कारण पोळ्यात पाटलाच्या मानाच्या जोडीनंतर माझी जोडी उभी राहते. हा माझा मान आहे. त्याच्यात कोणी लोखंड आणून उभं करावं?

"पोळा चार पायाच्या जनावराचा असते," मी म्हटलं. "तुहीले पाय किती?"

"दोन चाकं अन् दोन माहे पाय. झाले चार."

"शिंगं?"

"ह्यांडल."

"शेपूट?"

"मागचा लाल दिवा. लावून दाखवू?"

"शेण टाकते का?"

"तेच तं सुख हाये, किसनभाऊ. तुमच्यासारखं रस्त्यावर सांडत नाई."

आता हशा माझ्यावर उठला. पाटलाला कोणीतरी कानात सांगितलं, तेही हसले. मी तापलो. "तिचा आवाज आयकून बैलं उधळतीन. कोणाच्या पोटात शिंग गेलं तं?"

"चालूच नाई करत. ढकलत आणतो."

"अन् उभी करून करशीन काय?"

तेव्हा तो जरा घुटमळला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "मंग घरोघरी नेईन. तुमी नेता तशी."

पोळा फुटला की आमच्याकडे बैल दारोदार नेतात. घरची बाई बाहेर येते, बैलाच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते, पुरणपोळी चारते, धन्याला आत बोलावते. आता फटफटीला पोळी कोण चारणार? पुन्हा हसू. पण पाटील हसले नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं, "शेवटी उभी कर. अन् मानाच्या जोडीच्या पुढं गेली तं पाय ह्या पारावर नको ठेवजो."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदे दुखतात म्हणून गरम तूप-हळद पळसाच्या पानानं चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. माझं चोळून झालं. वाटीत बरंच तूप उरलं होतं. आमची तुळसा म्हणाली, "तेवढं त्याच्या फटफटीले लावून या."

"येडी झाली का?"

"सुखदेवभाऊ ड्युटीवर गेले. घरी करनारं कोन हाये त्याईच्या? उद्या पोळ्यात आणतीन अन् आवतनच नाई. जा म्हणलं ना."

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बायकोनं असं पाठवावं! मी वाटी घेऊन कुंपणाच्या फटीतून गेलो. इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. गाडीवरचं कापड उचलायला हात घातला आणि हात तिथंच थांबला.

ते पलंगपोस नव्हतं. झूल होती, बैलाची झूल. काठाला आरसे, मध्ये लाल दोऱ्याचे मोर, आणि वर वशिंडासाठी ठेवलेलं गोल भोक. ते भोक बरोबर पेट्रोलच्या टाकीवर आलं होतं. टाके बारीक होते, घरच्या बाईचे. सुखदेवच्या बायकोला मी पाहिलेलं नव्हतं. तो समुद्रपूरकडून इथं राहायला आला तो एकटाच आला होता. आम्ही कधी विचारलं नाही, आणि त्यानंही कधी काढलं नाही.

मग मला डेपोतल्या एका माणसानं सांगितलेली गोष्ट आठवली. सुखदेव सगळ्या बस एकदा धुतो आणि समुद्रपूरची दोनदा धुतो. का, तर म्हणे, "गावात जाते ते. गावात घाण नाई गेली पाह्यजे." आम्ही त्यावरही हसलो होतो.

मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो. मग ठरवलं, करायचं तर नीट करायचं. बैलाचा भार खांद्यावर असतो, इथं भार कुठे? चाकाच्या मधोमध. पुढच्या चाकाच्या मध्ये एक जाडजूड गोल डबा होता आणि त्याला हवा जायला छोटी जाळी होती. हाच खांदा, मला पटलं. पळसाच्या पानानं मी तो बाहेरून चोळला. मग वाटलं, दुखणं तर आत असतं. उरलेलं गरम तूप जाळीतून आत ओतलं. हात आखडला नाही, घरचं तूप होतं. आणि खाली वाकून म्हटलं, "आवतन घ्या, उद्या जेवाले या."

उठलो आणि पुन्हा चारही बाजूला पाहिलं. कोणी ऐकलं असतं तर मी बोरगाव सोडून आष्टीला मुलीकडे राहायला गेलो असतो.

पोळ्याच्या दिवशी सुखदेवनं पहाटेपासून गाडी धुतली. दुपारी ढकलत आणली तेव्हा टाकीत आभाळ दिसत होतं. अंगावर झूल, ह्यांडलला घुंगरांची माळ, दिव्याला बेगड. तो स्वतः पांढरा सदरा घालून, अंगाला तेल लावल्यासारखा चकचकीत. लोक हसले, पण वाटही दिली. माझा राजा फार बुजरा बैल, कुत्र्याच्या सावलीला उधळतो. त्यानं त्या गाडीकडे पाहिलं, नाक लांब केलं, झुलीचा वास घेतला आणि शांत उभा राहिला.

आमच्या मारुतीसमोरची जागा गल्लीकडे उतरती आहे. खालच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण, तिथं पाटलाची मानाची जोडी, मग माझी, मग बाकीचे, आणि सगळ्यांत वर, शेवटी, चाकाखाली दगड लावून सुखदेव. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या. हर बोला हर हर महादेव झालं. पाटलांनी काठी उचलली तोरण तोडायला. सुखदेवनं दगड काढला.

गाडी हलली. त्यानं हातातला ब्रेक दाबला. गाडी आणखी हलली.

"थांब! थांब ना वं!" एवढं मला ऐकू आलं. मागचा ब्रेक पायाजवळ असतो, आणि त्याचे दोन्ही पाय बाजूनं धावत होते. घुंगरं वाजत, झूल उडवत, ती लाल गाडी अकरा जोड्यांच्या पुढून गेली, माझ्यापुढून गेली, पाटलाची काठी वर असतानाच मानाच्या जोडीच्या पुढून गेली आणि तोरण गळ्यात घेऊन गल्लीत शिरली. बाजूला ह्यांडल न सोडता सुखदेव. बोरगावात तिला पळताना लोकांनी पाहिलं ते त्याच दिवशी, आणि तेही बंद इंजिनावर.

थांबली कुठे? त्याच्याच फाटकासमोर. माझ्या चाकानं पाडलेल्या खड्ड्यात.

आम्ही सगळे धावत पोचलो. टाकीला चिखल, तारांना चिखल, झुलीच्या आरशांना चिखल, सुखदेवच्या मिशीला चिखल. लोक पोट धरून हसत होते. मीच हसत नव्हतो. ब्रेक कुठे असतो, हे मला तेव्हा कळलं होतं.

सुखदेव चिखलात गुडघ्यावर बसला होता. मला वाटलं, आता टाकी पुसेल. त्यानं टाकीकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "मानाच्या जोडीच्या पुढं गेली, किसनभाऊ. आता कोन दारात उभं करते?"

पाटील काठी टेकत येत होते. त्यांच्या तोंडून काय निघणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एवढ्यात आमची तुळसा ताट आणि पाण्याची कळशी घेऊन दारात आली.

"आना इकडं," ती म्हणाली.

"माखली ना वहिनी."

"बैलं माखत नाईत काय? काल आवतन देल्लं याईनं. आवतन देल्लेलं जनावर दारात आलं अन् वापस पाठवू?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. बावन्न वर्षांत कमावलेलं नाव एका मिनिटात चिखलात गेलं. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "हो. देल्लं म्या आवतन. आवतन देल्लेलं जनावर पहिले आलं, तं आलं. काय म्हन्ता, पाटील?"

पाटलांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्यांनी काठीनं आमच्या दाराकडे दाखवलं. दोघांनी मिळून गाडी खड्ड्यातून काढली. तुळसा चाकावर पाणी घालू लागली, तर हा सवयीनं बोलला, "वरून खाली, वहिनी." तिनं वरून खाली ओतलं. दिव्याला कुंकू लावलं. पोळी ह्यांडलपाशी नेली, मग त्याच्या हातात दिली. "ढोराचं तुमीच खा."

तो आमच्या ओसरीत बसून जेवला. मग ताटाकडे पाहतच म्हणाला, "माही घरवाली गेली अन् जोडी पाहनारं कोनी नाई राह्यलं. भावानं म्हटलं, विकून टाक. विकली. पण सकाळी उठलो का हात शोधे काईतरी धुवाले. डेपोतल्या गाड्या तं सरकारच्या. म्हून हे घेतली." पोळीचा तुकडा तुपात बुडवला. "चार पोळे झाले. कोनाच्या दारात उभा नाई राह्यलो. बैल नाई तं कोन बलावते?"

मी पाणी प्यायलो. नुसतंच, तहान नसताना.

तोवर पलीकडच्या घरातून हाक आली, "ओ सुखदेवभाऊ, आमच्याकडंही आना!" तो उठला, हात धुतले, चाकापाशी वाकला आणि बोट त्या जाळीवर फिरवून नाकाशी नेलं. माझ्याकडे पाहिलं.

"तूप घरचं दिसते, किसनभाऊ."

"असीन," मी म्हटलं.

त्यानं त्यावर पुढं एक शब्द काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. घुंगरं वाजवत पुढच्या दाराकडे निघून गेला. ब्रेकात ओतलेल्या तुपाचं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, हे लिहिलं तेच पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गल्लीत कोणी उठायच्या आत, मी दोन घमेले मुरूम आणून त्या खड्ड्यात टाकला आणि पायानं दाबून बसवला. मग गाडी जुंपली, पण वर बसलो नाही. राजा-परधानच्या पुढं झालो, कासरा हातात धरला आणि सुखदेवच्या फाटकासमोरून गाडी चालत नेली. हळू.